ज्याची सही त्याची चावी

माझ्याच कार्यक्रमाच्या दारात मला अकरा मिनिटं उन्हात उभं करणारा माणूस जगात एकच. दाराच्या कमानीवर माझ्याच प्रेसमध्ये छापलेला पंधरा फुटी फ्लेक्स होता, फ्लेक्सच्या कोपऱ्यात माझा फोटो होता, फोटोखाली ‘आयोजक’ असं ठळक अक्षरात होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली मी स्वतः होतो. साळवेकाकांनी आधी वर फोटोकडे पाहिलं, मग खाली माझ्याकडे.

“माणूस तोच हाय,” ते म्हणाले. “पास कुठाय?”

पास नव्हता. तो का नव्हता हे पुढे येईलच, आणि ते वाचल्यावर तुम्हीही मला आत सोडणार नाही. सध्या एवढंच सांगतो की आतून एक बाई बाहेर पडली, काकांनी रिकामी झालेली जागा मनात मांडली आणि बाजूला सरकून मला वाट दिली. “आता जा. एकाची जागा झाली.”

साळवेकाका वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं गेटवर होते. सुरुवातीला काठी घेऊन, शेवटी सुपरवायझर म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहा पोरं जमवून स्वतःची छोटी सिक्युरिटी एजन्सी काढली. अंगानं वाळलेले, निळा इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात एक निळा आणि एक लाल पेन. गुडघे बाहेरच्या बाजूला झुकलेले, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ स्वतःच स्वतःला अटक करून नेतोय. ही चाल लक्षात ठेवा. ती पुढे शहरातल्या शेकडो पोरापोरींनी चालून दाखवली आहे.

माझी प्रेस क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. काका पहिल्यांदा आले ते आवक-जावक वही छापून घ्यायला. गेटवर काय आत आलं, काय बाहेर गेलं, कुणी नेलं, याची वही. मी कच्चा नमुना काढून दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन बोटांनी मोजला. सहीचा रकाना मी चिंचोळा केला होता, कारण शेऱ्याला जास्त जागा दिली होती.

“शेरा बारका चालतो प्रेसवाले. सही बारकी करू नका.”

मी म्हणालो, काका, सही काय, माणसं चिमणीच्या पायाएवढी पण करतात. ते स्टुलावर बसले. त्यांचं बसणंही गेटवरचं, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. “आमच्या आज्यानं जन्मभर अंगठा उठवला. कशावर उठवला ते त्याला कधी कळलं नाय. बाप सही शिकला तवा घरात गोडधोड केलं होतं म्हणे. मंग तिला जागा नको?”

मी रकाना तीन बोटं रुंद केला. तेव्हापासून त्यांची माझी ओळख. येताना ‘जय भीम’, जाताना ‘येतो’, आणि मधे माझ्या दुकानात काय काय पेटू शकतं याची यादी. माझ्या प्रेसला मागचं दार आहे हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यामुळे कळलं. त्याच्यासमोर मी कागदाच्या रिमांची भिंत रचली होती. ती त्यांनी मला स्वतःच्या हातानं हलवायला लावली. स्वतः शेजारी उभे राहून ते चहा पीत होते.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे चिंचोके. डाव्या खिशात भाजलेले, गुळगुळीत चिंचोके. गेटातून दहा माणसं आत गेली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. दहा बाहेर आली की उजव्यातला डाव्यात. कारखान्यात मोजणीचं यंत्र आलं तरी त्यांनी ही पद्धत सोडली नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, “चिंचोक्याला लाईट लागत नाय.” बोलता बोलता, हसता हसता, चहा पिता पिता त्यांचा हात खिशात जायचा. नवख्या माणसाला वाटायचं काकांना खाज सुटलीय.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. मला लहानपणापासून चित्रकथांचं वेड. गुलमंडीच्या रद्दीवाल्यांकडून जमवलेल्या तीन पेट्या घरात आहेत, आणि त्या बायकोच्या साड्यांच्या कपाटात आहेत, यावरून आमच्या घरातलं राजकारण ओळखा. शहरातली कॉलेजची पोरंपोरी कार्टून, गेम, चित्रकथा यांतल्या पात्रांचे वेष करतात. पुठ्ठ्याची चिलखतं छापून कापून घ्यायला ती माझ्याकडे यायची. त्यांच्यात बसून मला वाटायला लागलं की मीही अजून बावीसचाच आहे. एके दिवशी मी जाहीर करून टाकलं की मोठ्या शहरांत असे मेळे होतात, मग आपल्याकडे का नको, आयोजक मी होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आयोजक म्हणजे दिवा लावणारा, शाल घेणारा आणि फ्लेक्सवर दिसणारा माणूस, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

नाव ठेवलं ‘वेषमेळा’. बीड बायपासवरचं एक मंगल कार्यालय ठरवलं. तिथले व्यवस्थापक अब्बासभाई यांनी समोर छापील करारनामा ठेवला. त्यात सही करायला दोनच जागा होत्या, वधूपिता आणि वरपिता. मी म्हणालो, लग्न नाहीये. अब्बासभाईंनी पानाचा तोबरा गालात सरकवला. “हौ, मालूम. मगर फारम तो शादीच का है ना. टूट-फूट हुई, आग लगी, किसी को लगा, तो पकडना किस कू? लडकी के बाप कू. तुम उधरीच करो साइन.”

मी केली. इतर चौदा कलमं वाचली नाहीत. हा करारनामा माझ्याच प्रेसमध्ये छापलेला होता हे सांगायला लाज वाटते, पण छापणारा वाचत नसतो, तो फक्त शाई पाहतो.

साळवेकाकांनी मात्र वाचला. सुरक्षेचं काम त्यांना द्यायचं म्हणून मी कागद घेऊन गेलो, तर त्यांनी चष्मा लावून चौदाच्या चौदा कलमं ओठ हलवत वाचली. माझ्या सहीपाशी आले तेव्हा त्यांचे ओठ थांबले आणि डोळे हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘प्रेसवाले’ राहिलो नाही, ‘वधूपिते’ झालो.

मग मी दुसरा कागद काढला, त्यांच्या एजन्सीबरोबरचा. हा मी इंटरनेटवरून उतरवून मराठी केला होता आणि त्यात हुशारीनं एक कलम घातलं होतं: गर्दी, चेंगराचेंगरी वा दुखापत झाल्यास संपूर्ण जबाबदारी सुरक्षा पर्यवेक्षकाची राहील. सांगताना मी पटकन पुढच्या पानावर गेलो. काका मागच्या पानावर परत आले. ते कलम त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता उठतील.

ते उठले नाहीत. त्यांनी लाल पेन काढला आणि कलमाखाली वळणदार अक्षरात लिहिलं: ‘सर्व दारांच्या चाव्या माझ्याकडे राहतील.’

“ज्याची सही त्याची चावी,” ते म्हणाले. “करा तुमची पण.”

मी केली. वाचून केली, म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं.

कार्यालय पाहायला गेलो तर मी खुर्च्या मोजत होतो, काका दारं. समोरचं मोठं, लॉनवर उघडणारी दोन, आणि स्टेजच्या बाजूला भटारखान्याचं एक, जे एका वेळी एक आचारी आणि एक पातेलं जाईल एवढंच. ते त्यांनी हिशेबातच धरलं नाही. “माणसं खुर्च्यांवर मोजायची नसतात. पळायची वेळ आली तर खुर्ची कामाला येत नाय, दार येतं. सातशे.” मी म्हणालो, लग्नात इथं दीड हजार जेवतात. ते म्हणाले, “लग्नात माणूस जेवायला येतो आन् निघून जातो. तुमची पोरं बघायला येणार. बघणारा हलत नाय.”

सातशे म्हणजे सत्तर चिंचोके. पास छापायचे मी घरीच, म्हणजे प्रेसमध्ये. आता छपाईवाल्याच्या हाताला एक खोड असते, ती इतर कुणाला कळणार नाही. सातशे हवे असतील तर आम्ही साडेआठशे छापतो, कारण काही वाकडे कापले जातात, काहींवर शाई सांडते. पाचशे पत्रिकांच्या मागे शंभर वाया धरायच्या, हा बापापासूनचा नियम. नेमकं त्या दिवशी यंत्राला काय झालं देव जाणे, एकही वाया गेला नाही. दीडशे सुंदर, कोरे, क्रमांक पडलेले पास माझ्यासमोर. ते फाडायचं माझ्या हातानं होईना. मी वाटले. बँकेतला शिपाई, दाढी करणारा सलूनवाला, मेव्हण्याची सोसायटी. सगळ्यांना सांगितलं, आयोजक मीच आहे, दारात फक्त माझं नाव घ्या.

मेळ्याच्या दिवशी सकाळी नऊला काकांनी गेटवर टेबल टाकलं आणि आवक वही उघडली. कारखान्यात आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद होते आणि परत जाताना तीच वस्तू जुळावी लागते. काकांनी तोच नियम इथं लावला. ती वही मी नंतर जपून ठेवली आहे. त्यातल्या नोंदी अशा: ‘तलवार थर्माकोल, नग एक, धार नाही, तपासली.’ ‘राक्षसाची शिंगे, जोडी एक, डोक्यास घट्ट.’ ‘पंख, डावा एक उजवा एक, रुंदी दारापेक्षा जास्त, आडवे आणावे.’ आणि एक: ‘मासोळीचे शेपूट, नग एक. आत मुलगी आहे. चालता येत नाही. बाहेर काढण्यास दोन माणसे लागतील.’ समोर त्यांनी आपल्या दोन पोरांची नावं लिहून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

ती मासोळी म्हणजे ऋतुजा, अकरावीतली. दोन महिने खपून तिनं जलपरीचं शेपूट शिवलं होतं, चंदेरी टिकल्यांचं. तिला स्टेजजवळ खुर्चीवर बसवलं होतं.

पंखवाल्याचा एक पंख आत मोडला. दुपारी जेवायला बाहेर निघाला तर काकांनी अडवलं. आणले दोन, चाललाय एक. तो म्हणाला, मोडला, फेकला. काका म्हणाले, “मोडका आण. मोडक्याची पण नोंद असती.” त्यानं कचऱ्याच्या डब्यातून पंख आणला, सही केली आणि सुटला. मी हे पाहून पोट धरून हसलो. तेवढ्यात काका माझ्याकडे वळले आणि लॉनच्या दाराकडे बोट केलं. त्या दारासमोर एक स्टॉल होता. स्टॉल माझाच होता. माझ्याच प्रेसचा, जाहिरातीचा. तो मी संडासाच्या शेजारी हलवला. तिथं दिवसभर सगळ्यात जास्त गर्दी होती, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

साडेबाराला डावा खिसा रिकामा झाला. काकांनी तो उलटा करून पोरांना दाखवला आणि गेट लावून घेतलं. बाहेर दीडशे माणसं राहिली, प्रत्येकाच्या हातात खरा पास, आणि प्रत्येकाच्या तोंडी माझं नाव. ऊन असं की डांबर चिकटत होतं. मेव्हणा फोनवर फोन करत होता. वर दीड वाजता मुख्य पाहुणा येणार होता, डोमकावळा.

हा डोमकावळा म्हणजे इंटरनेटवर गेम खेळून दाखवणारा एक मुलगा. चेहरा कधी दाखवत नाही. चोचीचा काळा मुखवटा आणि काळ्या पिसांची झूल, एवढीच त्याची ओळख, आणि लाखभर पोरं त्याच्यामागे वेडी. खरं नाव प्रतीक, गाव जालना, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष. तो स्टेजमागच्या वधूच्या खोलीत बसून घाम पुसत होता आणि मला विचारत होता की सर, बाहेर किती लोक आहेत, मला लोकांची भीती वाटते.

मी गेटवर गेलो. काकांना म्हणालो, दीडशेच आहेत, उभे राहतील कुठंतरी. काका म्हणाले, दहा बाहेर आले की दहा आत. मी म्हणालो, पण पास मीच दिलेत, आयोजक मी आहे. त्यांनी खिशातला चाव्यांचा जुडगा नुसता हलवून दाखवला.

आता यापुढचं लिहिताना मी खुर्चीत जरा आखडून बसलो आहे. मी सरळ अब्बासभाईंकडे गेलो. त्यांच्या गल्ल्यात प्रत्येक दाराची दुसरी चावी असते. वधूपित्याला ते नाही कसं म्हणणार? मी मागून वळसा घातला, मेव्हण्याला खूण केली आणि भटारखान्याचं दार उघडलं.

दीडशे माणसं पातेल्याच्या वाटेनं आत शिरली, त्यांच्यात मीही. ती स्टेजच्या अगदी कडेला निघाली. आतल्यांना वाटलं डोमकावळा त्या बाजूनं येतोय, म्हणून सगळा हॉल त्या कोपऱ्याकडे ओढला गेला. दोन्हीकडून रेटा. ओरडाआरडा नव्हता, तेच जास्त भयंकर. फक्त एक ‘ह्हं’ असा दबलेला आवाज, शंभर माणसांचा श्वास एकदम अडकल्याचा. मला माझे हात वर करता येईनात. ऋतुजाची खुर्ची कलंडताना मला दिसली. चंदेरी शेपूट गर्दीत खाली गेलं. ती दोन पोरं, ज्यांनी वहीत सह्या केल्या होत्या, कुठून आली माहीत नाही, पण खांद्यानं वाट काढत आली आणि तिला शेपटासकट उचलून स्टेजवर नेलं. तिचा डावा हात विचित्र लोंबत होता.

काका स्टेजमागून आले. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, माईक घेतला नाही. वधूच्या खोलीत गेले. प्रतीकनं नंतर मला सांगितलं, ते म्हणाले, “बाळा, तुझं डोकं दे.” मुखवटा चढवला, झूल पांघरली, आणि स्टेजवर येऊन उभे राहिले. सातशे आणि दीडशे माणसं एका सुरात किंचाळली. काकांनी हात पाठीमागं बांधले आणि गुडघे बाहेर झुकवत स्टेजच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. तिथून पायऱ्या उतरून, लॉनच्या उघड्या दारातून, बाहेर.

आणि अख्खा हॉल त्यांच्यामागे. रेटा ज्या कोपऱ्यात होता तिथून सुटला, पीळ उलगडावा तसा. लॉनची दोन्ही दारं सताड उघडी, समोर काही नाही. माझा स्टॉल अजून तिथंच असता तर मी आज हे लिहीत नसतो, कदाचित तुरुंगाच्या वाचनालयात असतो. काका लॉनभर फिरले. तीन फेऱ्या. मागे राक्षस, राजकन्या, यंत्रमानव, सगळे हात पाठीमागं बांधून, गुडघे झुकवून, त्यांचीच चाल चालत. डोमकावळ्याची ही नवी चाल आहे असं पोरांना वाटलं. तासभर त्यांनी उन्हात, त्या पिसांच्या आत, सेल्फी दिले. एका चिमुरडीनं आईला विचारलेलं मी ऐकलं, “आई, कावळ्याच्या खिशात चिंचोके कामून हायेत?”

खरा डोमकावळा वधूच्या खोलीत बसून रडत होता, आणि मी त्याच्या शेजारी.

ऋतुजाच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिचे वडील आले, तिला पाहिलं आणि सरळ पोलीस ठाण्यात गेले. चार वाजता मला फोन आला: आयोजक आणि सुरक्षा पर्यवेक्षक, कागदपत्रांसह या.

मी काकांना शोधत गेटवर आलो. ते टेबलाशी बसून टॉवेलनं मान पुसत होते. कपाळावर मुखवट्याचा लाल वळ उठला होता. समोर वही उघडी. नोंद लिहिलेली होती: ‘दु. १.१०. भटारखान्याचे दार उघडले. आत आलेले अंदाजे दीडशे. एक मुलगी जखमी. दार उघडणाऱ्याचे नाव.’ पुढे रिकामं. सहीचा रकाना रिकामा. तीन बोटं रुंद, मीच छापलेला.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकं वाक्य बोललो. म्हणालो, काका, करारात तर जबाबदारी सुरक्षा पर्यवेक्षकाची आहे.

“वाचलंय मी,” ते म्हणाले.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे मांडलं. हा रकाना असाच गेला तर ठाण्यातले साहेब करार बघणार. एजन्सी त्यांच्या नावावर, लायसन्स त्यांचं. ते जाणार, आणि दहा पोरं घरी बसणार, त्यात शेपूट उचलणारी दोन पण. रकाना भरला तर मी जाणार. एवढाच हिशेब.

मी म्हणालो, मग तुम्हीच लिहा ना माझं नाव. तुम्ही पाहिलंय मला.

“एकदा लिहिलं होतं दुसऱ्याचं,” ते म्हणाले. कारखान्यात, नवीन असताना. गोडाऊनचं कुलूप रात्रभर उघडं राहिलं होतं. साहेब म्हणाला त्या कंत्राटी माणसाचं नाव लिही, आणि त्यांनी लिहिलं. तो माणूस दुसऱ्या दिवसापासून आला नाही. कुलूप साहेबाकडूनच उघडं राहिलं होतं हे चार महिन्यांनी कळलं. “तवापासून मी नोंद करतो, नाव नाय लिहीत. नाव ज्याचं त्यानं लिहायचं.”

मी गेटकडे पाहिलं. गेट उघडं होतं, स्कूटर बाहेर होती. काकांनी माझी नजर पाहिली.

“लग्नातून सगळे पळू शकतात,” ते म्हणाले. “वऱ्हाडी पळतात, आचारी पळतो, येळ आली तर नवरदेव पण पळतो. वधूपिता कुठं पळतो?”

आणि त्यांनी निळा पेन माझ्याकडे सरकवला. लाल नाही.

मी नाव लिहिलं. सही केली. ती इतकी लांबली की तीन बोटांचा रकानाही अपुरा पडला आणि सहीची शेपटी शेऱ्यात गेली. काकांनी वहीवर फुंकर मारली आणि ती काखेत घातली.

ठाण्यात फौजदारांनी कार्यालयाचा करारनामा वाचायला घेतला. दोनदा वाचला. “वधूपिता तुम्ही?” मी मान हलवली. “मग वधू कुठंय?”

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, “दवाखान्यात हाय साहेब. हाताला प्लास्टर घालायलेत.”

कोपऱ्यातल्या बाकावर ऋतुजाचे वडील बसले होते. त्या सगळ्या दिवसात ते तेव्हा पहिल्यांदा, नको नको म्हणत, हसले. मग त्यांनी वही मागितली. सकाळची नोंद वाचली, ‘बाहेर काढण्यास दोन माणसे लागतील’, आणि बराच वेळ त्या दोन सह्यांवर बोट ठेवून बसले. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही, आणि बरोबर केलं. निष्काळजीपणाचा गुन्हा माझ्यावर नोंदला गेला. दीड वर्षं मी तारखांना हजर राहिलो, तिथल्या बाकांवर बसून चित्रकथा वाचल्या. शेवटी लोकअदालतीत मिटलं. ऋतुजाच्या वडिलांची एक अट होती: पुन्हा मेळा घ्यायचा तर दारावर साळवेच पाहिजेत.

तो पुढचा मेळा. त्या वेळी मी बरोबर सातशे पास छापले. एक वाकडा कापला गेला तर तोच वाकडा वापरला. सगळे वाटले, मनाशी खूप कौतुक केलं स्वतःचं, आणि दारात आल्यावर लक्षात आलं की सातशेमध्ये मी स्वतःला धरलंच नव्हतं. ती अकरा मिनिटं तुम्हाला सांगून झाली आहेत. त्या दिवशी हॉलमध्ये तीन मुलं डोमकावळ्याच्या वेषात आली होती, आणि तिघंही हात पाठीमागं बांधून, गुडघे बाहेर झुकवून चालत होती. ऋतुजा दोन पायांवर आली होती. काकांनी वहीत लिहिलं, ‘शेपूट नाही. स्वतः चालते.’

गेल्या उन्हाळ्यात काका लेकीकडे नांदेडला राहायला गेले. गुडघ्यांनी फारच असहकार पुकारला होता. एजन्सी त्या दोन पोरांच्या नावावर केली, आणि चाव्याही. मी मध्यवर्ती बसस्थानकावर सोडायला गेलो. एक ट्रंक, एक पिशवी. त्यांनी नांदेडच्या गाडीत पाय ठेवला आणि खाली उभ्या माझ्याशी बोलता बोलता चढणाऱ्या माणसांवर नजर ठेवली. हात खिशात गेला. मला हसू आलं.

मग ते आत दिसेनासे झाले, आणि जरा वेळानं गाडीच्या मागच्या बाजूला आवाज चढला. गाडीच्या मागच्या दारावर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं असतं. आतून त्या दाराला लसणाची चार पोती लावून ठेवलेली होती. पोतीवाला म्हणत होता, बारा वर्षं इथंच ठेवतो. वाहक म्हणत होता, आजोबा, गाडीला उशीर होतोय. काका काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही, पण काही वेळानं वाहक आणि पोतीवाला दोघंही एकेक पोतं उचलून पुढं नेताना दिसले. काका शेजारी उभे होते. कुणीतरी त्यांना चहाचा कप आणून दिला होता.

शेवटी ते मागच्या सीटवर बसले, त्या दाराला खेटून, एक हात दाराच्या कडीवर. चालकानं गाडी सुरू केली. मी हात हलवला. त्यांनी काचेतून पाहिलं, पण हात हलवला नाही. त्यांनी बोट केलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. मला वाटलं कुणी ओळखीचं आहे. गाडी वळली आणि जागीच थांबली, हॉर्न वाजायला लागला, आणि काचेमागचं ते बोट तसंच होतं.

मी वळून पाहिलं. बाहेर जायच्या गेटात, बरोबर मधोमध, माझी स्कूटर उभी होती.